मुका मार आणि नजर

डोक्याला मार लागलेला माणूस दोन-तीन आठवड्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातो, तेव्हा त्याचे सांगणे बहुधा असे असते: वाचायला घेतले की ओळी हलतात, मोबाइलकडे पाहिले की कपाळ ठणकते, बाजारात गर्दीत गेले की गरगरते, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकतो. समोरच्या तक्त्यावरची सर्वांत बारीक ओळ मात्र तो घडाघडा वाचतो. नजर ६/६. सीटी स्कॅन आधीच नॉर्मल आलेला असतो. डोळ्यांत काही दोष नाही, थोडी विश्रांती घ्या, एवढे ऐकून तो घरी येतो. काही दिवसांनी घरच्यांना वाटू लागते की हा कामाची किंवा अभ्यासाची टाळाटाळ करतो आहे. आणखी काही दिवसांनी त्याला स्वतःलाच तशी शंका येऊ लागते.

हा लेख त्या माणसासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. तक्ता खोटे सांगत नाही, पण तो एकाच प्रश्नाचे उत्तर देतो. हर्मन स्नेलेन या डच नेत्रतज्ज्ञांनी १८६२ साली तो तयार केला. खुर्चीत निवांत बसून, एका वेळी एका डोळ्याने, सहा मीटरवरचे न हलणारे काळे अक्षर किती बारीक असले तरी ओळखता येते, एवढेच त्यातून कळते. आपले रोजचे पाहणे याहून फार वेगळे असते. दोन्ही डोळे एकत्र वळतात, जवळून दूर आणि दुरून जवळ जातात, हलत्या वस्तूचा माग काढतात, डोके हलले तरी दृश्य स्थिर ठेवतात आणि कडेने काय येते आहे याचीही खबर देतात. डोक्याच्या मारात यांतले काहीही बिघडू शकते आणि तरी ६/६ तसेच राहते. म्हणून तपासणी पायरीपायरीने करावी लागते. त्या पायऱ्या कोणत्या आणि प्रत्येक पायरीवर काय कळते, ते क्रमाने पाहू.

नजरेचा रस्ता

डोळ्याच्या आतल्या पडद्यावर पडलेले चित्र डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे जाते. ही नस हाडातल्या एका अरुंद बोगद्यातून कवटीत शिरते. पुढे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकत्र येतात आणि त्यांतले निम्मे धागे बाजू बदलतात. त्यामुळे दोन्ही डोळ्यांना डावीकडे दिसणारे सगळे मेंदूच्या उजव्या भागात जाते आणि उजवीकडचे डाव्या भागात. तिथून हा रस्ता थेट डोक्याच्या मागच्या टोकाला पोहोचतो, म्हणजे उशीवर आपण डोक्याचा जो भाग टेकतो तिथे. कपाळापासून मानेच्या वरच्या कडेपर्यंत मार कुठेही लागला, तरी तो या रस्त्यावर कुठेतरी असू शकतो.

मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी सहांचा संबंध डोळ्यांशी येतो. दुसरी चित्र वाहून नेते. तिसरी, चौथी आणि सहावी डोळा हलवणाऱ्या स्नायूंना चालवतात. पाचवी बुबुळाच्या पृष्ठभागाला संवेदना देते आणि सातवी पापणी मिटवते. आठव्या नसेतून कानातल्या तोलाच्या यंत्रणेकडून येणारी खबरही डोळ्यांच्या हालचालीत सतत मिसळत असते.

डोके जोरात आपटले की मेंदू कवटीच्या आत हलतो. त्याचे लांब, नाजूक धागे ताणले जातात, पिळवटले जातात. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव आणि हाड मोडलेले दिसते, हा ताण दिसत नाही. ‘सीटी नॉर्मल’ याचा अर्थ तातडीने ऑपरेशन करावे असे काही आढळले नाही, इतकाच. मेंदूचे सगळे काम सुरळीत चालू आहे, असा दाखला त्यातून मिळत नाही.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली आणि ४,४३,३६६ जखमी झाली. जखमींपैकी प्रत्येकाच्या डोक्याला मार नसतो, हे खरे. पण ज्यांना तो लागतो त्यांचे हाड जुळते, टाके निघतात, डिस्चार्ज मिळतो आणि नजरेची नीट तपासणी तेवढी राहून जाते.

पहिले काही तास

इस्पितळात आणल्यावर पहिल्या काही तासांत कोणी तक्ता वाचायला लावत नाही आणि ते योग्यच आहे. तेव्हा डॉक्टर डोळ्यांकडे पाहतात ते मेंदूची हालत समजून घ्यायला. ग्लासगो कोमा स्केल ही १९७४ पासून वापरात असलेली मोजणी ३ ते १५ गुणांची असते. तिच्या तीन भागांपैकी एक भाग रुग्ण डोळे कधी आणि कसे उघडतो याचा आहे. १३ ते १५ गुण असतील तर मार ‘सौम्य’ गटात मोडतो. हा शब्द जिवाच्या धोक्यापुरता आहे. पुढचे सहा महिने वाचन किती जड जाईल, याच्याशी त्याचा संबंध नाही.

त्याच वेळी टॉर्चच्या उजेडात बाहुल्या पाहतात. शुद्ध हरपत असताना एक बाहुली मोठी होऊ लागली आणि उजेडाला प्रतिसाद देईनाशी झाली, तर आत साठणाऱ्या रक्ताचा किंवा सुजेचा दाब तिसऱ्या नसेवर येत असण्याची शक्यता असते. तेव्हा एकेक मिनिट मोलाचे असते. म्हणूनच पहिल्या काही दिवसांत न्यूरोसर्जनला विचारल्याशिवाय बाहुली मोठी करणारे थेंब डोळ्यांत घालत नाहीत. घालावेच लागले, तर कोणत्या डोळ्यात आणि किती वाजता घातले हे केसपेपरवर ठळक लिहितात. डॉक्टरांनी थेंब न घालता डोळे तपासले, तर तो हलगर्जीपणा समजू नये. त्यात रुग्णाची काळजीच असते.

बाहुलीवरून आणखी एक गोष्ट कळते. भुवईवर किंवा कपाळाच्या कडेला बसलेल्या फटक्याचा जोर हाडातून त्या अरुंद बोगद्यापर्यंत पोहोचू शकतो आणि आतली डोळ्याची नस दुखावते. डोळा बाहेरून धड दिसतो. आत पाहिले तरी नसेचे टोक पहिले काही आठवडे निरोगीच दिसते. त्याचा फिकटपणा साधारण चार ते सहा आठवड्यांनी उमटतो. अशा वेळी झुलत्या टॉर्चची चाचणी उपयोगी पडते. मंद उजेडाच्या खोलीत टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर आणि पुन्हा पहिल्यावर असा फिरवतात. निरोगी डोळ्यावर प्रकाश असताना दोन्ही बाहुल्या आकसतात. तोच प्रकाश नस दुखावलेल्या डोळ्यावर आला की बाहुल्या आकसलेल्या राहण्याऐवजी पसरतात, कारण त्या डोळ्याकडून मेंदूला प्रकाशाची पुरेशी खबरच जात नाही. या चाचणीला रुग्णाचे सहकार्य लागत नाही. तो बेशुद्ध असला तरी ती करता येते.

नस दुखावली की एके काळी मोठ्या मात्रेत स्टेरॉइड दिले जाई. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात स्टेरॉइडचा किंवा ऑपरेशनचा स्पष्ट फायदा दिसला नाही. डोक्याच्या दुखापतीच्या १०,००८ प्रौढ रुग्णांवर झालेल्या ‘क्रॅश’ चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले. स्टेरॉइड दिलेल्या गटात मृत्यू अधिक होते. त्यामुळे आज हे औषध सरसकट देत नाहीत. ‘नजर वाचवायला इंजेक्शन का दिले नाही’ असा प्रश्न नातेवाइकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर हे आहे.

डोळ्याच्या खोबणीचा तळ पातळ हाडाचा असतो आणि चेहऱ्यावरच्या फटक्याने तो मोडू शकतो. डोळा आत गेल्यासारखा दिसणे, वर पाहताना दोन-दोन दिसणे, गालाला बधिरपणा येणे ही त्याची लक्षणे. मुलांमध्ये ही दुखापत फसवी असते. डोळा लाल होत नाही, फारसा सुजतही नाही, पण मोडलेल्या लवचिक हाडाच्या फटीत स्नायू अडकतो. डोळा वर नेताना मूल कळवळते, उलट्या करते आणि नाडी मंदावते. उलट्या पाहून सगळ्यांचे लक्ष मेंदूकडे जाते. असे मूल तातडीने ऑपरेशनपर्यंत पोहोचले पाहिजे, म्हणून उलट्या करणाऱ्या जखमी मुलाला डोळा वर-खाली हलवायला लावून पाहणे अत्यंत आवश्यक आहे.

घरी सोडल्यानंतरही काही खुणा दिसल्या तर थांबू नये. वाढत जाणारी डोकेदुखी आणि उलट्या, गुंगी, नव्याने दोन-दोन दिसू लागणे, पापणी पडणे, एक बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसणे, अचानक नजर कमी होणे. मानेत दुखून एक पापणी किंचित खाली आली आणि त्या डोळ्याची बाहुली लहान झाली, तर मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी एक डोळा लालभडक होऊन पुढे आला, ठोके पडल्यासारखा हलू लागला आणि डोक्यात हृदयाच्या लयीत घोंगावणारा आवाज ऐकू येऊ लागला, तर डोळ्यामागच्या रक्तवाहिन्यांत चुकीचा जोड तयार झाला असण्याची शक्यता असते. या सगळ्यांत डोळ्यांच्या दवाखान्याची अपॉइंटमेंट घेत बसू नये. १०८ ला फोन करावा किंवा थेट मोठे इस्पितळ गाठावे.

तपासणीला जाण्याआधी

धोका टळल्यावर सविस्तर तपासणी होते आणि तिची सुरुवात रुग्णाच्या बोलण्यापासून होते. मार लागलेल्या माणसाला सगळे आठवतेच असे नाही. म्हणून घरच्यांनी चार-पाच दिवस एका कागदावर टिपून ठेवावे: वाचायला बसल्यावर किती मिनिटांनी त्रास सुरू होतो, एक डोळा झाकल्यावर तो थांबतो का, दोन चित्रे शेजारी-शेजारी दिसतात की वर-खाली, जवळचे पाहताना जास्त त्रास होतो की दूरचे, ट्यूबलाइटचा उजेड सहन होतो का, ताटातल्या एका बाजूचे जेवण तसेच राहते का, चालताना एकाच बाजूच्या चौकटीला खांदा लागतो का. डिस्चार्ज कार्ड, स्कॅनचे अहवाल, चालू गोळ्यांची यादी आणि आधीचा चष्मा सोबत न्यावा. झटक्यांच्या काही गोळ्यांनीही दोन-दोन दिसू शकते, म्हणून गोळ्यांची यादी विशेष महत्त्वाची. अपघाताआधीचे फोटोही न्यावेत. डोके एका बाजूला कलते ठेवण्याची सवय जुनी की नवी, हे त्यावरून कळते.

पहिली पायरी: एकेक डोळा

सुरुवातीला दूरची आणि जवळची नजर तपासतात. जवळची तपासणी टाळून चालत नाही, कारण बहुतेक तक्रारी तिथल्याच असतात. मग रंग. शिनोबु इशिहारा यांनी १९१७ साली काढलेल्या ठिपक्यांच्या पाट्यांवरचे आकडे प्रत्येक डोळ्याने वेगळे वाचायला लावतात. औषधाच्या बाटलीचे लाल झाकण एका डोळ्याला गडद आणि दुसऱ्याला विटकरी दिसत असेल, तर फिके दिसणाऱ्या डोळ्याच्या नसेवर संशय जातो. त्यानंतर झुलता टॉर्च, डोळ्याचा दाब आणि आता परवानगी असल्यास थेंब घालून पडदा. पडद्यावरून डोक्यातला दाबही कळू शकतो, कारण तो वाढलेला राहिला तर नसेचे टोक सुजते. मेंदूभोवती मोठा रक्तस्राव झालेल्या काही रुग्णांच्या डोळ्यातही रक्त उतरलेले असते. त्यांना धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते. गरज वाटल्यास ओसीटी ही पडद्याच्या थरांची जाडी मोजणारी तपासणी करतात. नसेचे धागे झिजले असतील, तर काही आठवड्यांनी ते या आकड्यांत दिसू लागते.

दुसरी पायरी: दोन-दोन दिसणे

इथे डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, एक डोळा झाकला तर काय होते? एकच डोळा उघडा ठेवूनही दोन दिसत असतील, तर दोष त्या डोळ्यातच असतो: भिंग सरकलेले, बुबुळाला इजा किंवा साधा नंबर. कोणताही एक डोळा झाकल्यावर दुसरे चित्र नाहीसे होत असेल, तर दोन्ही डोळे एका रेषेत राहत नाहीत.

मग नस शोधायची. सहावी नस दुखावली की डोळा बाहेरच्या बाजूला पूर्ण वळत नाही. दोन चित्रे शेजारी-शेजारी दिसतात, दूर पाहताना आणि त्या बाजूला पाहताना अधिक. डोक्यातला दाब वाढल्यानेही हीच नस आधी कुरकुरते. तिसरी नस गेली तर पापणी पडते, डोळा बाहेर आणि खाली वळलेला राहतो, बाहुलीही पसरू शकते.

चौथ्या नसेकडे विशेष लक्ष द्यावे लागते, कारण तिची इजा सहज निसटते. या नसांमध्ये ती सर्वांत बारीक. मेंदूच्या देठाच्या मागच्या बाजूने बाहेर पडणारी ती एकटीच आणि वळसा घालून पुढे येत असल्याने कवटीतला तिचा प्रवास सर्वांत लांब. म्हणून डोक्याच्या मारात ती लवकर दुखावते. तिच्या इजेत चित्रे वर-खाली दिसतात आणि खाली पाहताना त्रास वाढतो. जिना उतरणे, ताटाकडे पाहणे आणि पुस्तक वाचणे, नेमकी हीच कामे अवघड होतात. माणूस नकळत डोके एका खांद्याकडे झुकवतो. तेवढ्याने चित्रे जुळतात, तक्ताही नीट वाचता येतो, पण मान आखडते आणि उपचार मानेवर होत राहतात. तपासताना डोके आधी एका खांद्याकडे, मग दुसऱ्याकडे झुकवून कोणत्या बाजूला डोळा वर सरकतो ते पाहतात.

या पायरीवरची साधने साधी आहेत. एकेक डोळा आळीपाळीने झाकून कोणता जागचा हलतो ते पाहणे, लाल-हिरवा चष्मा घालून दोन चित्रांमधले अंतर नऊ दिशांत नोंदवणे आणि ते अंतर प्रिझमने मोजणे. हा आकडा लिहून ठेवणे फार मोलाचे आहे. सुधारणा होते आहे की नाही, हे पुढच्या वेळी आठवणीवर सोडावे लागत नाही.

तिसरी पायरी: जवळचे काम

दोन्ही डोळे सरळ दिसतात, प्रत्येक नस चालते, तरी वाचता येत नाही, असे रुग्ण सर्वांत जास्त उपेक्षित राहतात. जवळचे पाहताना दोन डोळ्यांना बैलजोडीसारखे एका चालीने नाकाकडे वळावे लागते आणि त्याच वेळी आतल्या भिंगाला फोकस बदलावा लागतो. डोक्याच्या मारानंतर ही जोड ढिली पडते. फिलाडेल्फियाच्या मुलांच्या रुग्णालयातल्या एका अभ्यासात डोक्याला मुका मार लागलेल्या १०० किशोरवयीन मुलांची सविस्तर तपासणी झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या नोंदींनुसार ६९ मुलांच्या पाहण्यात किमान एक दोष सापडला. फोकसचा दोष सुमारे निम्म्या मुलांत होता आणि डोळे नाकाकडे वळवण्याचा दोषही तितक्याच मुलांत. यांतले बरेच दोष तक्ता वाचून घेतला असता तर कळलेच नसते.

नाकाकडे वळण्याची क्षमता मोजायला एक बारीक खूण हळूहळू नाकाजवळ आणतात. एकाची दोन दिसू लागली किंवा एक डोळा बाहेर सटकला की थांबून अंतर मोजतात. साधारण ५ ते ६ सेंटिमीटरपर्यंत खूण एकच दिसावी. हे अंतर एकदाच मोजून भागत नाही. पहिल्या खेपेला ५ आणि पाचव्या खेपेला १५ सेंटिमीटर येत असेल, तर पानभर वाचल्यावर ओळी का हलतात याचे कारण सापडले.

फोकसची ताकद वयावर अवलंबून असते. ती निदान किती असावी याचे एक सोपे सूत्र आहे: १५ मधून वयाचा चौथा हिस्सा वजा करायचा. वीस वर्षांच्या मुलाला १० डायॉप्टर, म्हणजे १० सेंटिमीटरवरचे बारीक अक्षर स्पष्ट दिसायला हवे. ते त्याला २० सेंटिमीटरवरच धूसर होत असेल, तर विसाव्या वर्षी त्याचे डोळे चाळिशीजवळच्या माणसासारखे थकलेले आहेत. फोकस जवळून दूर आणि पुन्हा जवळ किती चपळाईने बदलतो हेही पाहतात. फळ्यावरून वहीत उतरवून घेताना मुलांचा अभ्यास अडतो तो इथेच.

चौथी पायरी: नजरेचा आवाका

समोरचे स्पष्ट दिसते, पण एका बाजूचे दिसतच नाही, याची जाणीव अनेकांना स्वतःला नसते. कडेने आलेली रिक्षा ‘अचानक’ समोर उभी ठाकते, ओळीतला पहिला शब्द सुटतो. घरच्यांना वाटते, लक्ष नाही.

या पायरीचा इतिहास युद्धाचा आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन रायफलींच्या लहान व्यासाच्या वेगवान गोळ्या डोक्यातून आरपार जाऊनही कित्येक जपानी सैनिक वाचले. तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रतज्ज्ञावर त्यांची नजर किती गेली ते मोजण्याचे काम आले, कारण त्यावर सैनिकांचे पेन्शन ठरायचे होते. गोळी शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा सरळ रेषेने जोडून मेंदूचा कोणता भाग गेला हे त्यांनी ठरवले आणि दृश्याचा कोणता तुकडा हरवला आहे त्याच्याशी पडताळून पाहिले. १९०९ साली त्यांनी मांडलेला मेंदूतल्या दृष्टिक्षेत्राचा नकाशा आणि पहिल्या महायुद्धातल्या जखमींवरून गॉर्डन होम्स यांनी केलेले काम यांच्या आधारावर आजही डॉक्टर दृष्टिक्षेत्राचा अहवाल पाहून इजेची जागा सांगू शकतात. एकाच डोळ्याचा आवाका गेला तर इजा नसा एकत्र येण्याआधी. दोन्ही डोळ्यांचा एकाच बाजूचा गेला तर त्यानंतर, विरुद्ध बाजूच्या मेंदूत.

सुरुवातीची तपासणी साध्या बोटांनी होते. डॉक्टर साधारण मीटरभर अंतरावर समोर बसतात, रुग्णाने त्यांच्या डोळ्यात पाहायचे आणि चार कोपऱ्यांत दाखवलेली बोटे मोजायची. नंतर पेरिमीटर यंत्रावर एकेका डोळ्याने मध्यबिंदूकडे पाहत, आजूबाजूला चमकणारे अंधुक ठिपके दिसले की बटण दाबायचे. मार लागलेला माणूस यात लवकर थकतो आणि थकल्यावर अहवाल बिघडतो. म्हणून मध्ये विश्रांती मागावी, गरज पडली तर दुसरा डोळा दुसऱ्या दिवशी तपासून घ्यावा.

इथेच आणखी एक भेद करावा लागतो. बाजूचे दिसत नाही की दिसूनही मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही? मेंदूच्या उजव्या भागाला इजा झालेले काही रुग्ण डावीकडचे जगच विसरतात. घड्याळाचे चित्र काढताना सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात, आडव्या रेषेचा मध्य उजवीकडे सरकवून दाखवतात. ज्याला फक्त दिसत नाही तो मान वळवून भरपाई करायला शिकतो. ज्याला त्या बाजूचे भानच नाही, त्याला मान वळवायची हेही सुचत नाही. दोघांची शिकवण वेगळी असते आणि दुसऱ्याला एकट्याने रस्त्यावर सोडणे धोक्याचे असते.

पाचवी पायरी: हालचाल आणि तोल

शेवटी डोळ्यांना कामाला लावून पाहतात. हळू सरकणाऱ्या बोटाचा सलग माग काढणे, दोन खुणांमध्ये नजर झपाट्याने उड्या मारणे, अंगठ्यावर नजर खिळवून डोके डावी-उजवीकडे हलवणे, अंगठा आणि डोके एकत्र फिरवत आजूबाजूचे दृश्य सरकू देणे. अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात तयार झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘व्हॉम्स’ या चाचणीत असे प्रत्येक काम झाल्यावर रुग्ण डोकेदुखी, गरगरणे, मळमळ आणि डोक्यातला जडपणा यांना ० ते १० गुण देतो. डोळे काम बरोबर करत असतील, पण ते करताना त्रास वाढत असेल, तर तो वाढलेला त्रासही निष्कर्ष म्हणून नोंदवला जातो. बाजारातली गर्दी, एसटीच्या खिडकीतून पळणारी झाडे, मोबाइलवर सरकणारी चित्रे यांनी का गरगरते, याचा उलगडा बहुधा इथे होतो. अशा रुग्णाला कानाच्या तोलाच्या तपासणीसाठी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेही पाठवावे लागते.

अहवाल हातात आल्यावर

या सगळ्या तपासण्या एकाच छताखाली होतीलच असे नाही. नेत्रतज्ज्ञ डोळा आणि नस पाहतात, ऑप्टोमेट्रिस्ट जवळच्या कामाची मोजमापे घेतात, न्यूरो-ऑप्थॅल्मॉलॉजिस्ट मेंदू आणि डोळा यांची सांगड घालतात. मोठ्या शहरांतल्या नेत्ररुग्णालयांत हा विभाग स्वतंत्र असतो. गावाकडून जायचे असेल तर ‘दोन्ही डोळ्यांच्या एकत्रित कामाची आणि दृष्टिक्षेत्राची तपासणी’ असे चिठ्ठीवर स्पष्ट लिहून घ्यावे. नाहीतर शंभर किलोमीटर जाऊनही पुन्हा तक्ताच वाचून परत यावे लागते.

दोष सापडला की उपायही ठरवता येतात. डोळे हलवणाऱ्या नसांच्या इजा बहुतेकदा काही महिन्यांत सुधारतात. तोवर एक डोळा झाकून किंवा चष्म्यावर चिकटवायचा प्रिझम लावून दोनाचे एक करता येते. माप स्थिर झाल्याशिवाय, म्हणजे साधारण सहा महिने ते वर्ष गेल्याशिवाय, तिरळेपणाच्या ऑपरेशनची घाई करत नाहीत. फोकस कमी पडत असेल तर तात्पुरता वाचायचा चष्मा देतात. चाळिशी ओलांडलेल्यांना एकाच काचेत सगळे नंबर असलेला चष्मा या काळात त्रास देऊ शकतो. दूरचा आणि जवळचा असे दोन वेगळे चष्मे अनेकांना सोसतात. डोळे नाकाकडे वळवण्याच्या दोषावर देखरेखीखालचे व्यायाम उपयोगी पडतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २२१ मुलांवर १२ आठवडे उपचार झाले. दवाखान्यातल्या सविस्तर व्यायामांनी ७३ टक्के मुलांत यश किंवा सुधारणा दिसली, घरी नुसती पेन्सिल नाकाजवळ आणण्याने ४३ टक्के मुलांत. त्या मुलांना डोक्याचा मार नव्हता, हे लक्षात ठेवून आकडे वाचायचे. मार लागलेल्यांना सरावाची मात्रा कमी ठेवावी लागते आणि त्रास वाढला की थांबावे लागते.

दृष्टिक्षेत्राची आपोआप होणारी भरपाई मुख्यतः पहिल्या तीन महिन्यांत होते. त्यानंतर भर असतो तो नजर मुद्दाम हरवलेल्या बाजूला वळवण्याच्या सवयीवर. ही सवय अंगवळणी पडेपर्यंत, आणि दोन-दोन दिसत असेल तोवर, गाडी चालवू नये. डॉक्टरांनी लेखी हो म्हटल्याशिवाय दुचाकीची किल्ली हातात घेऊ नये. स्वतःच्या आणि रस्त्यावरच्या इतरांच्याही जिवाचा हा प्रश्न आहे.

विश्रांतीबद्दलचा सल्लाही आता बदलला आहे. पहिले एक-दोन दिवस हलकी विश्रांती आणि मग झेपेल तेवढे चालणे, वाचणे वाढवत नेणे, असे आजचे मत आहे. महिनाभर अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याने उजेडाची भीती उलट वाढू शकते. शाळेला मोठ्या अक्षरांतल्या नोट्स, वाचनात मधली सुट्टी आणि परीक्षेत जादा वेळ मागायला तपासणीचा लेखी अहवाल उपयोगी पडतो. कामाच्या ठिकाणी रजा आणि कामातले बदल मागताना तो लागतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे नुकसानभरपाई मागतानाही तो लागतो. जपानी सैनिकांचे पेन्शन ठरवण्यासाठी जे मोजमाप सुरू झाले, त्याची गरज आपल्याकडच्या दुचाकीस्वाराला तितकीच आहे. जो त्रास बाहेरून दिसत नाही, तो मोजलेला असेल तरच इतरांना मान्य करावा लागतो.

म्हणून एक विनंती. घरातल्या कोणाच्या डोक्याला मार लागला असेल, तर डिस्चार्जच्या दिवशी पुढच्या तारखांमध्ये डोळ्यांच्या तपासणीची तारीख मागून घ्या आणि तक्रारी उरल्या असतील तर तीन महिन्यांनी ती पुन्हा करून घ्या. तपासणाऱ्याला चार प्रश्न विचारा: झुलत्या टॉर्चने बाहुल्या पाहिल्या का, डोळे सगळ्या दिशांत हलवून पाहिले का, जवळचे काम मोजले का, दृष्टिक्षेत्र तपासले का? चारही उत्तरे आकड्यांसह कागदावर आल्यावरच ‘डोळ्यांत काही दोष नाही’ हे वाक्य स्वीकारा. आणि ती उत्तरे येईपर्यंत रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवा. ओळी हलतात असे तो म्हणतो, तेव्हा त्याला त्या खरोखरच हलताना दिसत असतात.